साय-फाय विनोदी पटकथेत विविधता: विनोदाचा हिशेब कसा ठेवायचा

प्रश्न असा आहे: अंतराळयानावरच्या सहा जणांच्या पथकाची, एका परग्रहवासीयाची आणि एका बोलणाऱ्या संगणकाची विनोदी पटकथा तिसऱ्या खर्ड्यापर्यंत आली आहे. पात्रं वेगवेगळ्या वंशांची, भाषांची, वयांची आहेत. एक जण बहिरा आहे, एक जण व्हीलचेअर वापरते. तरी वाचणारे म्हणतात की ही विविधता वरून चिकटवल्यासारखी वाटते, आणि ही पात्रं बोलू लागली की विनोद फसतो. काय करायचं?

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पात्रांची यादी बदलली, पण विनोदाची वाटणी जुनीच राहिली. गंभीर चित्रपटात पात्राला वजन येतं ते त्याच्या निर्णयांमुळे. विनोदी चित्रपटात आणखी एक गोष्ट मोजावी लागते: विनोद कोण करतं, कोणावर होतो, आणि झाल्यावर कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबतो. पडद्यावर सहा रंगांचे सहा चेहरे असले आणि पंच, म्हणजे हशा आणणारी वाक्यं, मात्र दोघांच्याच तोंडी असले, तर प्रेक्षकाच्या लेखी चित्रपट त्या दोघांचाच असतो.

म्हणून आधी मोजणी करा. पटकथा कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक विनोदाला क्रमांक द्या. बघण्यातला, पडण्या-आपटण्यातला, नुसत्या शांततेतला विनोदही सोडू नका. मग एका वहीत प्रत्येक क्रमांकापुढे चार नोंदी करा: सेटअप (विनोदाची आधीची तयारी) कोणाचा, पंच कोणाचा, विनोद कोणावर, शेवटची प्रतिक्रिया कोणाची. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा नेहमीचा अंदाज धरला तर शंभर पानांच्या पटकथेसाठी हे दीड-दोन दिवसांचं काम आहे. मग पात्रवार बेरीज करा. नुसती वाक्यं मोजून हे चित्र दिसत नाही, कारण माहिती सांगणाऱ्या पात्राला वाक्यं भरपूर असतात आणि विनोद शून्य.

अशा पटकथांमध्ये बेरजेतून बहुतेक वेळा एकच नमुना समोर येतो. बहुसंख्य गटातली पात्रं वेडेपणा करतात आणि बाकीची शहाणी असतात. स्त्री इंजिनिअर डोळे फिरवते, कृष्णवर्णीय डॉक्टर समजूत घालतो, व्हीलचेअरवरची नॅव्हिगेटर अचूक उत्तर देते आणि गप्प बसते. लेखकाचा हेतू चांगला असतो. कोणाचा अपमान होऊ नये म्हणून तो या पात्रांना चुकाच करू देत नाही. पण विनोदी पात्राला एखादी चुकीची समजूत लागते आणि ती शेवटपर्यंत रेटण्याचा हट्ट लागतो. ते काढून घेतलं की उरतो तो फलक. तुमच्या पटकथेत विनोद फसतो तो इथेच.

तेव्हा प्रत्येक पात्राला एक ठाम, चुकीची खात्री द्या, आणि तिच्यामुळे कथानकात निदान एकदा तरी खरा घोटाळा होऊ द्या. डॉक्टरला वाटतं की आपल्याला उत्तम वाटाघाटी जमतात. नॅव्हिगेटरला वाटतं की सगळं पथक आपल्याला घाबरतं. मग दोन बाजूंनी तपासा. आधी पात्राची ओळख मनातल्या मनात बदलून बघा. ओळख बदलल्यावर दोष उभाच राहत नसेल, तर तो दोष त्या समाजाबद्दलच्या साच्यातून उचललेला आहे, टाकून द्या. मग उलट बघा. ओळख बदलूनही संपूर्ण चित्रपटात पात्राचं एकही वाक्य, एकही सवय बदलत नसेल, तर ती ओळख फक्त कास्टिंगच्या तक्त्यात आहे, पटकथेत नाही. पात्राचा मुख्य दोष ओळखीपासून सुटा हवा आणि बारीक तपशील ओळखीत रुजलेले हवेत. यातलं एकच साधलं तर पात्र एक तर साच्यातलं होतं, नाही तर कोरं.

बेक्डेल चाचणी सगळ्यांना ठाऊक असते: दोन स्त्रिया असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावं, आणि विषय पुरुष सोडून दुसरा असावा. ती १९८५ मध्ये अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या व्यंगचित्रमालिकेत आली. एकाच चित्रपटाचा न्याय करायला ती फारशी उपयोगी नाही. शंभर चित्रपट एकत्र पाहिले की तिचं खरं मोल कळतं. तुमच्या पटकथेसाठी मी जास्त कडक प्रश्न विचारेन. कप्तान खोलीत नसताना, बाजूची मानली जाणारी दोन पात्रं एकमेकांना हसवतात का? त्यांचा असा एखादा विनोद आहे का, जो कप्तानाला कळत नाही पण प्रेक्षकाला कळतो? असा एक दोन पानांचा प्रसंग जेवढं काम करतो, तेवढं दहा भाषणं करत नाहीत.

पुरस्कारांच्या नियमांवर इथे विसंबू नका. २०२४ च्या सोहळ्यापासून ऑस्करच्या सर्वोत्तम चित्रपटाच्या स्पर्धेसाठी चार निकषांपैकी दोन पूर्ण करावे लागतात. पण त्यातला पडद्यावरच्या प्रतिनिधित्वाचा निकष एकच आहे. बाकीचे पडद्यामागचे प्रमुख, प्रशिक्षणाच्या संधी आणि वितरण-प्रसिद्धीतली माणसं यांच्याबद्दल आहेत. ते महत्त्वाचे आहेतच, फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नाही.

आता साय-फायच्या खास संधीकडे येऊ. या प्रकारात जगातली प्रत्येक वस्तू तुम्ही बनवता: दार, खुर्ची, सूट, संगणक. ती वस्तू एखाद्या पात्राला बसत नसेल, तर ती कोणीतरी तशी बनवली म्हणून बसत नाही. इथेच विनोदाची खाण आहे, कारण विनोदाची दिशा आपोआप माणसाकडून यंत्रणेकडे वळते. त्यासाठी फार कल्पनाही लढवावी लागत नाही. १९८३ मध्ये अमेरिकी अंतराळवीर सॅली राइड जेमतेम आठवड्याच्या मोहिमेवर निघाल्या, तेव्हा शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं नासाच्या इंजिनिअरांनी त्यांना विचारलं होतं. मार्च २०१९ मध्ये फक्त स्त्रियांचा पहिला स्पेसवॉक (सूट घालून यानाबाहेर पडून करायचं काम) ठरला होता. सूटचा मध्यम मापाचा धडाचा भाग वापरासाठी एकच तयार होता, म्हणून ऐनवेळी अंतराळवीर बदलावी लागली. तो स्पेसवॉक शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ ला क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर यांनी केला. २०१८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ठरवणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. तुमच्या यानाचं दार चेहरा ओळखून उघडणार असेल, तर अख्खा प्रसंग इथे तयार पडलेला आहे.

बहिऱ्या पात्रासाठी तर इतिहासाने आयतं साहित्य दिलं आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या महाविद्यालयातले अकरा पुरुष नासा आणि नौदलाच्या प्रयोगांत सामील झाले. त्यांच्या आतल्या कानाला इजा झालेली असल्यामुळे त्यांना गाडी किंवा बोट लागत नव्हती, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळत नव्हतं, आणि वजनरहित अवस्थेत शरीराचं काय होतं ते त्यांच्यामुळे अभ्यासता येत होतं. नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात हे लोक बोटीवर पत्ते खेळत बसले. संशोधकांनाच इतकं मळमळलं की प्रयोग आवरता घ्यावा लागला. या प्रसंगात कोणीही बिचारं नाही आणि कोणाला जादूची शक्तीही मिळालेली नाही. एक शरीर त्या परिस्थितीला जमतं, दुसरं जमत नाही, आणि पंचाईत होते ती वही घेऊन बसलेल्यांची. विनोदाची दिशा कशी असावी याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

हे प्रत्यक्ष लिहिताना काय होतं ते तुमच्याच सामग्रीवर पाहू. समजा, यानाच्या संगणकाला इंजिनिअरचे उच्चार कळत नाहीत. पहिल्या खर्ड्यात ती तीनदा "दार उघड" म्हणते, संगणक तीनदा भलतंच करतो, पथक हसतं. विनोद तिच्या बोलण्यावर झाला. दुसऱ्या खर्ड्यात लेखकाला हे खटकतं, म्हणून ती संगणकाला चार वाक्यं सुनावते. विनोद गेला, भाषण आलं. तिसरा मार्ग असा: तिला या संगणकाचा स्वभाव सगळ्यांत जास्त माहीत आहे, कारण सगळ्यांत जास्त मनस्ताप तिलाच झालाय. ती क्षणाचाही विचार न करता कप्तानाचा आवाज काढते, त्याच्या नाकातून बोलण्याच्या लकबीसकट, आणि दार उघडतं. मागे उभ्या कप्तानाला पहिल्यांदाच कळतं की आपण कसे बोलतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. पन्नास पानांनंतर कप्तानाला सर्दी होते, आणीबाणीत संगणक त्यालाच ओळखेनासा होतो, आणि "माझा आवाज काढ" अशी विनवणी त्याला तिच्यापुढे करावी लागते. आता वहीत नोंद अशी होते: सेटअप यंत्राचा, पंच तिचा, विनोद कप्तानावर, परतफेड तिच्या हातात. उच्चार तेच राहिले, फक्त ज्ञानाची बाजू बदलली.

परग्रहवासीयाकडे वेगळं लक्ष द्या. साय-फायमध्ये जुने साचे लपायला येतात ते इथेच. परग्रहवासीयाचे उच्चार, हावरटपणा, नाकाचा आकार, भडकपणा यांची एक यादी करा आणि ती पटकथा न वाचलेल्या चार-पाच जणांना संदर्भाशिवाय दाखवा. त्यांतल्या दोघांना पृथ्वीवरचा एखादा समाज आठवला, तर रचना बदलावी लागेल. दुसरा सापळा रूपकाचा. परग्रहवासी म्हणजे भेदभाव सोसणाऱ्या समाजाचं प्रतीक, असं ठरवलं की दोन अडचणी येतात. खऱ्या समाजातली माणसं पडद्यावर नसतील, तर त्यांचं दुःख निळ्या रंगाच्या प्राण्याला देऊन त्यांनाच बाहेर ठेवलं जातं. आणि तो प्राणी भिंती वितळवू शकत असेल, तर लोकांची भीती रास्तच ठरते आणि रूपक उलटं फिरतं.

याला जोडूनच चेहऱ्यांची मोजणी करा. अल्पसंख्य कलाकारांपैकी किती जण पूर्ण मेकअपखाली आहेत, किती जण फक्त आवाज आहेत, आणि किती जण पहिल्या तीस पानांत मरतात? कागदावर निम्मं पथक वैविध्यपूर्ण असूनही पडद्यावर ओळखू येणारा एकच चेहरा उरला, असं सहज होऊ शकतं. पूर्ण चेहऱ्याचा प्रोस्थेटिक (कृत्रिम त्वचा चिकटवून केलेला) मेकअप चढवायला तीन-चार तास आणि उतरवायला तासभर लागतो. त्या कलाकाराचा कामाचा दिवस संपतो लवकर आणि त्याचे क्लोज-अप घाईत उरकले जातात. विनोदाला भुवया, गाल आणि ओठांचे कोपरे लागतात. फोम लेटेक्सचा जाड थर बारीक हालचाल गिळतो. सिलिकॉन त्वचेसारखं हलतं आणि प्रकाशही तसाच पकडतो, पण जड असतं. काहीही वापरा, फक्त भुवया आणि तोंड मोकळं राहील असा आराखडा मागा, आणि लुक टेस्टमध्ये (मेकअप-पोशाखाच्या चाचणीत) कलाकाराला संवादासकट विनोदी प्रसंग करायला लावा. स्थिर फोटोत सुंदर दिसणारा मुखवटा विनोदात मेलेला निघू शकतो.

कास्टिंगबद्दल. पात्रपरिचयात फक्त काही जणांचाच वंश लिहू नका. मग न लिहिलेले सगळे आपोआप बहुसंख्य गटातले धरले जातात. एक तर सगळ्यांचा लिहा, नाही तर ज्यांच्यासाठी कथेत गरज आहे त्यांचाच लिहून बाकीच्या भूमिका सर्वांना खुल्या असल्याचं स्पष्ट नमूद करा. एवढं लिहिलं नाही तर एजन्सी सवयीने तेच ते चेहरे पाठवतात. १९७९ च्या 'एलियन'च्या पटकथेत टीप होती की सगळ्या भूमिका स्त्री किंवा पुरुष कोणीही करू शकेल. भयपटात ते चाललं, कारण तिथे माणसं काम करतात आणि जीव वाचवतात. विनोद नात्यांवर चालतो, त्यामुळे नुसती अदलाबदल पुरत नाही. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स' हा चित्रपट सुरुवातीला जॅकी चॅन यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जात होता. मध्यवर्ती भूमिका मिशेल यो यांच्याकडे आली तेव्हा नवरा-बायकोचं नातंच नव्याने बांधावं लागलं. तेव्हा कास्टिंग पटकथा पक्की होण्याआधी करा, आणि त्यानंतर फेरलेखनाला दोन-तीन आठवडे राखून ठेवा. छोट्या भूमिका विसरू नका. नियंत्रण कक्षातला तंत्रज्ञ, ग्रहपरिषदेतले सभासद, बातम्या वाचणारी यांच्यावर कथानकाचं ओझं नसतं, त्यामुळे बदल तिथे सगळ्यांत स्वस्तात होतो आणि जग खरं वाटू लागतं.

ज्या समाजाची पात्रं आहेत त्या समाजातल्या सल्लागाराला शेवटी बोलावून "यात काही आक्षेपार्ह आहे का?" असं विचारण्यात अर्थ नसतो, तोवर बदलायला काही उरलेलं नसतं आणि उत्तर हो-नाहीत येतं. आराखड्याच्या वेळी एकदा, पटकथेच्या वेळी एकदा आणि पहिल्या एडिटनंतर एकदा, असं तीनदा पैसे देऊन बोलवा. प्रश्न असा विचारा: "या जागी तुम्ही असता तर कोणता विनोद केला असता?" चांगला माल त्यातून मिळतो.

आता बहिऱ्या पात्राचं चित्रीकरण. खुणांच्या भाषेत हात म्हणजेच संवाद, त्यामुळे फ्रेम किमान कमरेपासून वर हवी आणि खूण पूर्ण होईपर्यंत समोरच्याच्या प्रतिक्रियेवर कट करायचा नाही. ऐकणारे संकलक सवयीने अर्ध्या वाक्यावर कट करतात. आवाज पुढे चालू राहतो म्हणून त्यांना ते खटकत नाही. इथे मात्र अर्धं वाक्यच जातं. पंच सबटायटलमध्ये हातांच्या आधी येत असेल तर सबटायटल दोन तुकड्यांत तोडा आणि पंचाचा तुकडा खुणेबरोबरच दाखवा. निर्वातात रेडिओ बंद पडला तरी खुणा चालतात, ही कल्पना छान आहे. पण हवेने फुगलेले हातमोजे ताठ असतात, बोटांचे बारीक आकार होत नाहीत, आणि खुणा बोबड्या होतात. बहिऱ्या कलाकारालाच ते हातमोजे घालून तालीम करू द्या. कोणती खूण कशात बदलते ते त्यालाच कळेल, आणि विनोद तिथूनच मिळेल.

व्हीलचेअरवरच्या नॅव्हिगेटरसाठी आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम ठरवा. यानात वजनरहित अवस्था असेल तर खुर्चीची गरजच नाही, आणि हातांवर भरवसा ठेवून जगलेली व्यक्ती तिथे इतरांपेक्षा सफाईने फिरेल. यान फिरून कृत्रिम गुरुत्व देत असेल तर खुर्ची हवी. दोन्ही अवस्था कथेत असतील तर बदलाचा क्षण विनोदाचा आहे, पण त्या क्षणी धडपडणारे बाकीचे असू द्या. कलाकार स्वतः व्हीलचेअर वापरणारी असेल (तशीच असावी असं माझं ठाम मत आहे), तर कला विभागाला सेट उभारण्याआधी मापं द्या: दाराची मोकळी रुंदी किमान ८१५ मिलिमीटर, वळायला दीड मीटर व्यासाची जागा, उतार बाराला एक. हीच सोय मेकअप व्हॅन आणि स्वच्छतागृहालाही लागते. कॅमेऱ्याचं म्हणाल तर तिच्या डोळ्यांची उंची साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर असते. ट्रायपॉड उभ्या माणसाच्या उंचीवर राहिला तर तिची प्रत्येक प्रतिक्रिया वरून पाहिलेली दिसते, आणि वरून पाहिलेला माणूस पडद्यावर लहान होतो.

प्रकाशयोजनेचा संबंधही थेट विनोदाशी आहे, कारण चेहरा दिसला नाही तर रिअ‍ॅक्शन शॉट वाया जातो. यानाचे सेट बहुतेक पांढरे किंवा फिकट राखाडी असतात. पांढऱ्या भिंतीसाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) खाली आणलं की काळे-सावळे चेहरे त्यात बुडतात. भिंती मध्यम छटेच्या ठेवा. सहाही कलाकारांना एकाच फ्रेममध्ये, खऱ्या पोशाखात उभं करून कॅमेरा टेस्ट घ्या. एकेकट्याच्या टेस्टमध्ये ही अडचण दिसतच नाही. नुसता प्रकाश वाढवून भागत नाही. गडद त्वचेवर आकार उठतो तो मोठ्या, मऊ स्रोताच्या बाजूने पडणाऱ्या चमकेमुळे, तेव्हा तिथे पावडरचा मारा कमी ठेवा आणि फिकट त्वचेच्या कलाकारावरचा प्रकाश जाळीने कापा. हेल्मेट वापरणार असाल तर कुरळ्या, भरघोस केसांचं माप आधी घ्या. एकाच मापाची हेल्मेटं आणून ऐनवेळी कलाकाराचे केस दाबून बसवणं हे २०१९ च्या सूटच्या चुकीचंच छोटं रूप आहे.

एडिटमध्ये वही पुन्हा उघडा. सव्वादोन तासांचा कच्चा कट दीड-पावणेदोन तासांवर आणताना सर्वांत आधी जातात ते बाजूच्या पात्रांचे छोटे विनोद आणि प्रतिक्रिया. प्रत्येक कट वेगळा पाहिला तर योग्यच असतो, पण बेरीज पुन्हा जुन्याच वाटणीवर येते. टेस्ट स्क्रीनिंगला प्रेक्षागृहाचा आवाज रेकॉर्ड करा आणि तो चित्राशी जुळवून ऐका. हसू पंचाच्या आधीच, पात्राने तोंड उघडताक्षणी सुरू होत असेल, तर लोक विनोदाला हसत नसून उच्चारांना किंवा दिसण्याला हसत आहेत. हसू मोठं आहे म्हणून खूश होऊन पुढे जाऊ नका. अशा जागी बहुधा आधीचा रिअ‍ॅक्शन शॉट दोषी असतो: दुसऱ्या पात्राचं कसंनुसं तोंड प्रेक्षकाला हसायची परवानगी देतं. तो शॉट काढून पुन्हा दाखवा. पंच चांगला असेल तर हसू आपल्या जागी सरकतं.

शेवटचा टप्पा डबिंगचा, आणि तिथे केलेलं काम उधळलं जाऊ शकतं. डबिंग करणारे घाईत असतात, आणि "वेगळे उच्चार" एवढंच लिहिलेलं दिसलं की हाताशी असलेला हमखास हशा मिळवणारा एखादा प्रादेशिक हेल वापरतात. म्हणून संवादयादीबरोबर वहीतला तिसरा रकानाही पाठवा: प्रत्येक विनोदापुढे तो कोणावर आहे ते लिहा. इंजिनिअरच्या संवादापुढे "विनोद संगणकावर आणि कप्तानावर; इंजिनिअरचा आवाज साधा, आत्मविश्वासाचा" एवढी टीप असली तरी पुरते.